पॉझिटिव्ह राहा म्हणतात सगळे, पण राहायचं कसं बाप्पा?

या महिन्यात पत्रं आणि मेल उघडले तर सगळीकडे नोकरीच नोकरी. रिझल्ट लागले की हे दरवर्षीचंच, पण यंदा फ्रेशर कमी आणि चार-सहा वर्षं काम करून घरी बसलेले, नाहीतर काम असूनही वैतागलेले जास्त. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत, रागावू नका. नावं काढलीत, नागपुरातला एरिया तेवढा ठेवलाय.

प्रश्न : ताई, मी २७ वर्षांचा, मेकॅनिकल इंजिनिअर. बुटीबोरीत एका कंपनीत क्वालिटीमध्ये चार वर्षं होतो, कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि त्यांनी रिन्यू नाही केलं. आठ महिने झाले घरीच आहो. रोज उठलो की आधी मोटिव्हेशनचे व्हिडिओ पाहतो, अफर्मेशन म्हणतो, व्हिजन बोर्ड पण बनवला, त्यावर मोठं ऑफिस, कार, सगळं लावलं. तेवढ्यापुरतं भारी वाटते, पण बारा वाजले की परत तेच, मेल उघडला की रिग्रेट, रिग्रेट, मग पोर्टल उघडायची इच्छाच होत नाही. बाबा म्हणतात मिहानमधल्या कंपन्यांत कुठेही लागून जा. पण मला मनासारखं काम पाहिजे. जुन्या नोकरीत नवीन आलेल्या आयटीआयच्या पोट्ट्यांना शिकवायला मजा यायची, बाकी नुसते कागद भरणं. मी निगेटिव्ह होऊन राहिलो का? पॉझिटिव्ह राहायसाठी अजून काय करू? सीव्ही सोबत जोडला आहे.
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : दादा, निगेटिव्ह वगैरे काही नाही झालास तू. मला वाटतं ते असं, की नोकरी लागल्याचा अर्धा आनंद तू सकाळी नऊच्या आतच घेऊन टाकतोस, मग बाराला हातपाय हलवायला जोर कुठून येणार? हे मी मनचं नाही सांगत. गॅब्रिएले ओटिंगेन नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी एका सहकारी बाईंसोबत नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं, २००२ मध्ये ते छापून आलं. ज्यांच्या डोक्यात नोकरीची गोड-गोड चित्रं जास्त वेळा यायची त्यांनी अर्ज कमी पाठवले, त्यांना ऑफर कमी आल्या आणि पगारही कमी मिळाला. व्हिजन बोर्डवाले हे सांगत नाहीत. आणि गंमत म्हणजे त्याच अभ्यासात ज्यांना 'आपल्याला जमेल' असा भरवसा होता त्यांचं चांगलं झालं. भरवसा आधी केलेल्या कामातून येतो, चित्रं काय, पलंगावर पडूनही रंगवता येतात.

बोर्ड फाडू नको, राहू दे भिंतीवर. फक्त त्याच्याकडे पाहिलं की लगेच स्वतःला विचार, आज मला आडवं काय येणार? 'मार्केट डाऊन आहे' हे सोड, तुझ्या आतलं काय ते. ओटिंगेन बाईंची पद्धत हीच आहे, इच्छा काय, ती पूर्ण झाली तर काय होईल, आडवं काय येतं आणि ते आलं की मी नेमकं काय करीन. तुझं तर तूच लिहिलंय, रिग्रेटचा मेल दिसला की तुझी गाडी तिथेच बंद पडते. मग ठरव, असा मेल दिसला की तो न वाचता वेगळ्या फोल्डरला टाकीन आणि आदल्या रात्री ठरवलेल्या एका कंपनीचा अर्ज पूर्ण करूनच उठीन. इतकं बारीक ठरवलं तर होतं, 'उद्यापासून जोमाने' हे नागपूरच्या उन्हाळ्यात तर कोणालाच जमलेलं मी पाहिलं नाही.

दुसरं म्हणजे तुझा दिवस. व्हिएन्नाजवळ मारियनथाल नावाचं गाव आहे, तिथली कापडगिरणी १९३० च्या आसपास मंदीत बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोदा या मानसशास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या सोबत्यांनी तिथलं जगणं बारकाईने टिपलं, १९३३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आता वेळच वेळ होता ना सगळ्यांकडे, पण गावच्या लायब्ररीतून पुस्तकं नेणं जवळपास निम्म्यावर आलं, तेही फी माफ असताना. बहुतेक पुरुषांनी घड्याळ वापरणंच सोडलं, रस्त्यानं जाताना हळू चालायचे, मध्येच थांबायचे. बायका मात्र झपझप जायच्या, त्यांना स्वयंपाक आणि पोरं थोडीच सुटली होती. याहोदांनी पुढे मांडलं ते हे, की नोकरी पगारासोबत आणखी पाच गोष्टी देते, दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, चारचौघांच्या कामात आपला वाटा, लोकांत एक ओळख आणि हातपाय हलते राहणं. तुझा पगार गेला तेव्हा हे पण गेलं, आणि तू फक्त पगाराच्या मागे लागून राहिला. बाकीच्यातलं बरंचसं नोकरी लागायच्या आधीही परत आणता येतं.

तुमच्याकडे गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत, त्यातली एक लाव. एमपीएससीवाल्यांच्या मध्ये बस, दहा ते एक. घरी लॅपटॉप घेऊन बसलेल्या पोराला दळण आणायला पाठवतातच, त्यात आईची चूक नाही. एक वाजला की बंद, दिवसभर पोर्टल चाळण्याला शोधणं म्हणत नाहीत. एका वहीत तारीख, कोणाला पाठवलं, कोणाशी बोललो, पुढचा फोन कधी, एवढंच लिही. आठवड्याला पाहायचं ते किती केलं, किती उत्तरं आली हे नाही, ते आपल्या हातात नसतं. संध्याकाळी मात्र घराबाहेर पड, अंबाझरी म्हण, क्रिकेट म्हण, काहीही, पण जिथे चार माणसं तुझी वाट पाहतात असं काहीतरी पाहिजे.

आता सीव्ही. मी बरीच वर्षं हिंगणा एमआयडीसीत भरतीचं काम केलं, त्या हिशोबाने सांगते, एका जागेला गठ्ठा येतो आणि पहिल्या फेरीत एका सीव्हीवर नजर मिनिटभर पण टिकत नाही. तुझी पहिली ओळ आहे 'सीकिंग अ चॅलेंजिंग पोझिशन इन अ रेप्युटेड ऑर्गनायझेशन'. ही ओळ विदर्भातल्या निम्म्या इंजिनिअरांच्या सीव्हीत आहे, मला तर शंका आहे की सगळे एकाच सायबर कॅफेतून निघालेत. तिच्याखाली हार्डवर्किंग, ऑनेस्ट, टीम प्लेअर. आणि दुसऱ्या पानावर, हॉबीजच्या जरा वर, कुठेतरी दबून बसलंय की तू ट्रेनी पोरांना व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि हाइट गेज ही मापं घ्यायची साधनं वापरायला शिकवायचा आणि त्यांच्यासाठी मराठीतून चेकशीट बनवली होती. अरे हेच तर वर पाहिजे! पहिल्या तीन ओळींत टाक, किती बॅच, काय शिकवलं, चेकशीट आल्यावर चुका कमी झाल्या का. आकडा असेल तर लिही, नसेल तर बनवू नको, इंटरव्ह्यूत पकडल्या जातो.

आणि इथेच तुझं 'मनासारखं काम' पण सापडतं की नाही? काम काय पाहिजे ते पत्रात तू एकदाच लिहिलंस, तेही जाता-जाता. मोठ्या कारखान्यांत ट्रेनिंगचा वेगळा विभाग असतो, प्रायव्हेट आयटीआय आहेत, शासकीय आयटीआयत तासिका तत्त्वावर निदेशक घेतात, आणि त्या लाइनीत पक्कं जायचं तर सीआयटीएस म्हणून एक वर्षाचा निदेशकांचा कोर्स असतो. पण आधी फी भरत सुटू नको. एखाद्या आयटीआयत जा, तिथल्या निदेशकांना भेट, एक दिवस वर्कशॉपमध्ये मागे उभं राहू द्या म्हण. कंपनीत चार ट्रेनींना शिकवणं वेगळं आणि जून महिन्यात पंखा बंद असताना वीस पोट्ट्यांना कानशीने लोखंड घासायला लावणं वेगळं. ते पाहूनही मजा वाटली तर मग खरं.

ओळखीचं सांगते. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवलं की ओळखीतून नोकरी लागलेल्या लोकांत, ज्यांनी बातमी दिली ते रोजच्या उठण्याबसण्यातले फक्त १७ टक्क्यांच्या आसपास, बाकी सगळे कधीतरी भेटणारे, नाहीतर वर्षानुवर्षं न भेटलेले. कारण साधं आहे, तुझ्या जवळच्या मित्रांना ज्या जागा माहीत त्या तुलाही माहीत. म्हणून जुना सप्लायर, डिप्लोमाचे सर, बुटीबोरीच्या बसमध्ये रोज शेजारी बसणारा तो, यांना फोन लाव. 'नोकरी द्या' नको म्हणू, समोरचा अवघडतो. 'तुमच्याकडे ट्रेनिंगचं काम कोण पाहतं, त्यांच्याशी दहा मिनिटं बोलायचं होतं' एवढंच.

राहिले बाबा. ते पूर्ण चुकीचे नाहीत हे मी स्पष्टच सांगते. मनासारखं मिळेपर्यंत पोटापुरतं काम धरण्यात कमीपणा नाही, पण त्याला मुदत पाहिजे आणि दहा ते एकमधला थोडा तरी वेळ राखता आला पाहिजे. त्यांच्यासोबत एकदा बसून आकडा बोल, घरात किती महिने निघतात, किती द्यायचे. आकडा बोलला की भांडण निम्मं कमी होतं, कारण मग 'तुला काही पडलंच नाही' हे वाक्य म्हणायला जागा राहत नाही.

प्रश्न : घरबसल्या डेटा एन्ट्रीचं काम आलं व्हॉट्सअ‍ॅपवर, महिना २५ हजार. रजिस्ट्रेशन आणि आयडी कार्डचे २,५०० आधी भरा म्हणून राहिले, पहिल्या पगारात परत मिळतील. इतके दिवस निगेटिव्ह विचार करून काही झालं नाही, आता पॉझिटिव्ह विचार करून भरून टाकू का?
– एक वाचक, नंदनवन

उत्तर : नको. इथे खुशाल निगेटिव्ह राहा. नोकरी देणारा पैसे देतो, घेत नाही, मग त्याला रजिस्ट्रेशन म्हणो, सिक्युरिटी म्हणो का लॅपटॉपचं डिपॉझिट. इंटरव्ह्यू न घेता ऑफर, मेल कंपनीच्या नावाचा नाही, आणि 'आज रात्रीपर्यंतच', एवढं जुळलं की ब्लॉक करायचं. आधार-पॅनचे फोटो पाठवले असतील तर बँकेला सांगून ठेव. आणि पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नको, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लाव, जितका लवकर तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : मी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, लग्नाआधी आणि नंतर थोडे दिवस लॅबमध्ये होते, मग दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण, असं करत दहा वर्षं गेली. आता मुलं मोठी झाली. घरात पैशाची अडचण नाही त्यामुळे सगळे म्हणतात गरज काय आहे, पण मला काहीतरी अर्थ असलेलं काम करायचंय. मागच्या आठवड्यात एका इंटरव्ह्यूत माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान मुलाने विचारलं, इतकी वर्षं काय करत होता? मी काहीतरी पुटपुटले. घरी येऊन खूप रडले आणि तेव्हापासून अर्जच केला नाही, राग काही जात नाही.
– एक वाचक, त्रिमूर्ती नगर

उत्तर : ताई, राग येणारच, येऊ द्या, फक्त तो पुढच्या इंटरव्ह्यूच्या खुर्चीत तुमच्यासोबत जाऊन बसू नये एवढं पाहा. अमेरिकेत डॅलसला एका कंपनीने काढून टाकलेल्या इंजिनिअर वगैरे लोकांवर एक प्रयोग झाला होता, मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर त्यात होते, १९९४ ला प्रसिद्ध झाला. सगळे खूप चिडलेले. त्यातल्या काहींना पाच दिवस, रोज वीस मिनिटं, नोकरी गेल्याबद्दल मनात जे आहे ते लिहायला लावलं, काहींना नुसतं दिवसभरात काय-काय करणार याची नोंद, आणि काहींना काहीच नाही. मन मोकळं लिहिणाऱ्यांना नोकऱ्या लवकर लागल्या, आणि त्यांनी इतरांपेक्षा जास्त अर्ज वगैरे केले होते असंही नाही. त्यामुळे वही घ्या, दार लावा, शुद्धलेखन सोडा, त्या पोरालाही हव्या त्या शिव्या द्या आणि मग पानं फाडून टाकली तरी चालतील. मैत्रिणीला फोनवर तेच-तेच सांगणं वेगळं, त्यात राग आणखी शिजतो.

त्या प्रश्नाचं उत्तर मात्र आधीच पाठ पाहिजे, दोन वाक्यांत. 'दहा वर्षं घरच्या जबाबदारीसाठी थांबले होते, आता ती संपली. या वर्षात हे-हे शिकले.' बस. माफी नाही आणि आईपण ही कशी मॅनेजमेंटची नोकरी आहे यावर भाषणही नाही, ते ऐकून समोरचा मनात डोळे फिरवतो, मी त्या बाजूला बसलेली आहे.

'या वर्षात शिकले' यासाठी एक ठोस गोष्ट. तुमचा विषय आणि आपलं नागपूर म्हणजे खाण्यापिण्याचा धंदा भरपूर, संत्रा प्रक्रियेपासून बेकरी, मसाले, केटरिंगपर्यंत. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचं 'फॉस्टॅक' नावाचं ट्रेनिंग असतं, अन्नसुरक्षा पर्यवेक्षकांसाठी, एखाद्या दिवसाचंच काम आहे, आणि लायसन्सवाल्या धंद्यांमध्ये दर २५ कामगारांमागे असा एक प्रशिक्षित माणूस लागतो. तिथे मायक्रोबायोलॉजीवाली बाई म्हणजे सोनं आहे. पूर्ण वेळ नोकरी आधी शोधू नका, ओळखीच्या एखाद्या केटरिंगवाल्याच्या किचनमध्ये आठवड्यातले दोन दिवस उभं राहून पाहा, पाणी, फ्रीजचं तापमान, कापायचे बोर्ड, हात धुणं. पनीर दुपारी दोन वाजेपर्यंत कट्ट्यावर तसंच पडलेलं दिसलं आणि तुमच्यातली लॅबवाली जागी झाली, तर अर्थ वगैरे शोधत बसायची गरजच नाही.

आणि 'गरज काय' विचारणाऱ्यांना उत्तर देऊ नका. त्यांना उत्तर नको असतं, चहा पाहिजे असतो.

प्रश्न : माझा मुलगा तीस वर्षांचा, पुण्याला आयटीत होता, कंपनीने बऱ्याच जणांसोबत त्यालाही काढलं. दोन महिन्यांपासून घरी आहे. मी कोळशाच्या कंपनीतून निवृत्त, ३४ वर्षं एकाच ठिकाणी काढली, मला हे ले-ऑफ प्रकरण समजत नाही. रोज सकाळी त्याला चांगले विचार फॉरवर्ड करतो, संध्याकाळी विचारतो काय झालं आज. नातेवाइकांना वर्क फ्रॉम होम आहे असं सांगतो म्हणजे त्याला त्रास नको. पण तो आमच्याशी बोलेनासा झाला.
– एक वडील, सोमलवाडा

उत्तर : काका, तुमची माया दिसते, पण त्याला काय ऐकू जातं ते सांगू? तुम्ही हॉलमध्ये फोनवर 'हो हो, वर्क फ्रॉम होम' म्हणता आणि आतल्या खोलीत त्याला कळतं की बाबांना माझी लाज वाटते. ते आधी थांबवा. 'कंपनीने शंभर जण कमी केले, त्यात हा होता, शोधून राहिला' असं सरळ सांगा, आकडा जो असेल तो. यातून दुसरा फायदा पण आहे, ज्यांना माहीतच नाही ते जागा कशी सांगतील?

फॉरवर्ड बंद. ते सुविचार लिहिणाऱ्याला नोकरी होती. आणि रोज संध्याकाळी 'काय झालं' म्हणजे रोज नापासाचा रिझल्ट मागणं, त्यापेक्षा आठवड्यातला एक वार ठरवा, रविवारी सकाळी पोहे खाताना, तेव्हा तोच सांगेल, बाकी सहा दिवस क्रिकेट, राजकारण, संत्र्याचा भाव, काय वाटेल ते बोला.

तुम्ही करू शकाल असं एक काम आहे, मोठं आहे. मिशिगन विद्यापीठाने १९८० च्या दशकात बेकार झालेल्यांसाठी 'जॉब्स' नावाचा कार्यक्रम सुरू केला, लोकांना गटात बसवून अर्ज-इंटरव्ह्यू शिकवायचे, आणि त्यात एक भाग असा होता की नकार येणारच, तर तो आला की तुम्ही काय करणार हे आधीच बोलून, सराव करून ठेवायचं. त्या लोकांना काम लवकर आणि बरं मिळालं, मनानेही ते कमी खचले. इतक्या वर्षांच्या नोकरीत तुम्ही कधीतरी इंटरव्ह्यू घ्यायला बसलाच असाल. तर त्याने मागितलं तर, आणि त्याने मागितलं तरच, समोर बसा, टाय नको पण शर्ट-पँट घाला, आणि ले-ऑफ का झाला हाच प्रश्न पाच प्रकारे विचारा. त्याचं कोडिंग तुम्हाला कळायची गरज नाही, तो अडखळतो कुठे ते कळेल.

एक मात्र लक्ष ठेवा. रात्र-रात्र झोप नाही, जेवण सुटलं, आंघोळ टाळतो, 'माझं आता काही होणार नाही, मी नसतो तर बरं' असं बोलला, तर तिथे पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा विषय संपला, ते दुखणं आहे. १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, ओपीडीत मानसोपचार विभाग आहे, तुम्ही सोबत जा. आणि तशा वेळी त्याला एकटं सोडू नका.

प्रश्न : मी २५, मिहानमध्ये एका आयटी कंपनीत सपोर्टला आहे. काम वाईट नाही पण मीनिंगफुल वाटत नाही, तेच-तेच तक्रारीचं तिकीट, तेच-तेच उत्तर. लिहायला आवडतं मला. वर्षभरात दोन ऑफर सोडल्या कारण अजून बेस्ट येईल असं वाटलं, आता तिसरी आहे, एका छोट्या प्रॉडक्ट कंपनीत टेक्निकल रायटर, नागपूरचीच, पगार थोडासाच जास्त. शुक्रवारपर्यंत सांगायचंय. मेट्रोत बसले की लिंक्डइन उघडते आणि बंगलोरच्या मैत्रिणींचे पॅकेज पाहून वाटतं थांबावं का. खूप ओव्हरथिंक होऊन राहिलं.
– एक वाचक, प्रताप नगर

उत्तर : (हे अंक छापायच्या आधीच मेलवर कळवलं होतं, आपला अंक महिन्याला निघतो आणि शुक्रवार काही थांबत नाही.)

बेस्टच्या मागे लागणाऱ्यांचा एक अभ्यास आहे, शीना अय्यंगार, रेचल वेल्स आणि बॅरी श्वार्ट्झ यांचा, २००६ चा. अमेरिकेतल्या ११ कॉलेजांमधली नोकरी शोधणारी मुलं घेतली. जी सगळे पर्याय चाळून सगळ्यात चांगलंच घेणारी होती त्यांना सुरुवातीचा पगार २० टक्के जास्त मिळाला, आणि तरी ती मिळालेल्या नोकरीवर कमी खूश, शोधताना जास्त टेन्शनमध्ये. कारण सोडलेले पर्याय डोक्यातून जात नाहीत. पगार वीस टक्के जास्त ही काही छोटी गोष्ट नाही हं, ज्याला त्याची गरज आहे त्याने खुशाल थांबावं. तुला आहे का, हे तूच सांग.

तुझ्या जागी मी असते तर लिंक्डइन न उघडता तीन अटी कागदावर लिहिल्या असत्या, याच्याखाली नाही अशा. समज, लिहिण्याचं काम, इतका पगार, घरून येणं-जाणं तासाभरात. ज्या ऑफरमध्ये तिन्ही बसतात ती घ्यायची आणि त्यानंतर पॅकेज पाहणं बंद. तू लिहिलंस त्यावरून मला तरी तिन्ही बसलेल्या दिसतात, पण जायच्या आधी तिथे सध्या लिहिणाऱ्या माणसाशी अर्धा तास बोल, त्याने मागच्या आठवड्यात काय-काय लिहिलं ते विचार. नुसते रिलीज नोट्स आणि मीटिंगचे मिनिट्स असतील तर तू तिथेही हेच म्हणशील.

आणि नाही गेलीस तरी आहे त्या कामाला हात लावता येतो. एमी झेस्न्येव्हस्की आणि जेन डटन यांनी हॉस्पिटलमधल्या सफाई कामगारांशी बोलून २००१ मध्ये लिहिलं, की त्यातले काही जण फरशी पुसणं एवढंच आपलं काम मानायचे, आणि काही जण पेशंट बरा होण्यात आपलाही हात आहे असं धरून त्याच्याशी बोलायचे, नातेवाइकांना वाट दाखवायचे, काम आणि पगार तोच. तुझ्याकडे एकच तक्रार दिवसातून दहादा येते म्हणतेस ना, तर तिचं उत्तर एकदाच साध्या भाषेत, स्क्रीनशॉट लावून लिही आणि टीमला दे. महिन्याभरात तशी आठ-दहा झाली की कंपनीचा मजकूर न वापरता त्यासारखे नमुने बनवून पोर्टफोलिओत ठेव. बंगलोरला जायचं ठरलं तर तिथे पण तेच दाखवायला लागणार आहे.

प्रश्न : ताई, सकाळी दहाला मिहानमध्ये इंटरव्ह्यू आहे, वर्धा रोडवर उतरून आधी तर्री पोहे खाल्ले तर कॉन्फिडन्स येईल का?
– एक वाचक, महाल

उत्तर : पांढरा शर्ट घालून? नको रे बाबा. इंटरव्ह्यू झाल्यावर खा, आणि त्यात चना जरा जास्त टाकायला सांग.